नाना पेठेतली जागा आणि मुळशीतली जमीन

पुण्याच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ, ज्या चर्चला सगळे ‘सिटी चर्च’ म्हणतात, त्याची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबाराने दिली. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोमंतकीय कॅथॉलिक होते. त्यांच्यातले एक अधिकारी दों मिगेल द नोरोन्या यांनी आपल्या माणसांना प्रार्थनेसाठी जागा मागितली आणि ती मिळाली. तेव्हा शनिवारवाडा नांदता होता. इंग्रजांची छावणी पुण्यात पडायला अजून पंचवीस वर्षे होती आणि ज्याला आपण कॅम्प म्हणतो त्याचा पत्ताही नव्हता. पुण्यातला कॅथॉलिक समाज इंग्रजांबरोबर आला, कॅम्पात राहिला आणि इंग्रजीतच बोलला, असे पुष्कळ पुणेकर आजही धरून चालतात. ही समजूत या एका सनदेनेच खोटी ठरते. हा समाज पेठेत आला, मराठी राज्याच्या चाकरीत आला आणि मराठी राज्याने दिलेल्या जमिनीवर उभा राहिला. ज्या घराण्याच्या चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्याच घराण्याने त्रेपन्न वर्षांनी आपल्या राजधानीत कॅथॉलिकांना चर्चसाठी जमीन दिली. सत्तेशी लढाई वेगळी आणि माणसांना थारा देणे वेगळे, एवढा विवेक त्या दरबाराकडे होता.

ही जुनी गोष्ट मुळशी तालुक्याच्या संदर्भात काढायला कारण आहे. पुणे शहर आता मुळशीच्या वेशीवर उभे नाही, ते मुळशीतच वाढते आहे. हिंजवडी आणि माण इथली माहिती-तंत्रज्ञान नगरी मुळशी तालुक्यातली. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. भूगाव-भुकूम ओलांडून पिरंगुटपर्यंत इमारती पोहोचल्या आहेत. तिथे राहायला येणारी माणसे विदर्भ-मराठवाड्यातली आहेत, तशी केरळ, तमिळनाडू, गोवा, बिहार, झारखंड, बंगालमधलीही आहेत. काही जण संगणकावर काम करतात, काही कारखान्यात, काही त्याच इमारतींच्या बांधकामावर. त्यांच्यासाठी रस्ते, पाणी, मेट्रो यांची चर्चा रोज होते आणि ती व्हायलाच हवी. पण बाहेरून आलेला माणूस इथला कधी होतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की नोकरी मिळाली, सदनिका घेतली, आधार कार्डावरचा पत्ता बदलला म्हणून माणूस गावचा होत नाही. लग्न, बारसे, सण, सभा, आजारपण आणि मयत या सगळ्यांसाठी चार माणसांनी जमायची सामाईक, हक्काची जागा त्याला लागते. ती जागा ठेवणे हे शहर वसवणाऱ्याचे काम आहे. कॅथॉलिक समाजाचा इतिहास, पुण्यातला, वसईतला आणि अमेरिकेतल्या शहरांतलाही, या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले, दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश कॅथॉलिक बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या बंदरांवर उतरले. त्यांचे स्वागत कसे होणार हे आधीच दिसले होते. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात ‘मूळचे अमेरिकन’ म्हणवणाऱ्यांनी दंगली करून सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन कॅथॉलिक चर्चे जाळली होती. हे लोक पोपचे ऐकतात, आपल्या देशाशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत, यांची मुले आपल्या शाळा बिघडवतील, असे आरोप होते. भाषा बदलली तर ते आज आपल्याकडेही ऐकू येतात. या आरोपांना त्या गरीब माणसांनी व्याख्याने देऊन उत्तर दिले नाही. त्यांनी धर्मग्राम उभे केले. धर्मग्राम म्हणजे एका वस्तीचे चर्च आणि त्याच्या आधाराने चालणारे सगळे जगणे: शेजारी शाळा, सिस्टरांचे घर, सभागृह, खेळाचे मैदान, आजाऱ्यांसाठी मदतीचा डबा. न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांच्या संस्थेने १८५० मध्ये बचत बँक काढली. १८८२ मध्ये न्यू हेवन शहरात फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना स्थापली. कारखान्यात वा खाणीत कर्ता माणूस दगावला तर त्याच्या विधवेला आणि मुलांना पैसे मिळावेत, हा तिचा पहिला हेतू होता. १८८४ मध्ये बाल्टिमोर इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा काढावी असे ठरवले. त्या शाळांची फी, इमारती आणि शिक्षिका यांचा भार मुख्यतः मजुरांच्या पैशांवर आणि सिस्टरांच्या कष्टांवर होता.

पुढे पोलिश आले, इटालियन आले, जर्मन आले. शिकागोत १८६७ मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस कोस्का हा पहिला पोलिश धर्मग्राम सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या धर्मग्रामांत गणला जाऊ लागला. एकाच श्रद्धेची माणसे, पण एका गल्लीत पोलिशांचे चर्च, पलीकडच्या गल्लीत जर्मनांचे, त्यापुढे आयरिशांचे, असे शिकागोच्या अनेक भागांत दिसे. बाहेरून पाहणाऱ्याला ही फुटीरता वाटली. प्रत्यक्षात पोलंडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला याच चर्चच्या तळघरातल्या सभेत शिकागोचे मतदान, शिकागोचा कामगार संघ आणि शिकागोचे राजकारण कळत गेले. आपल्या भाषेत, आपल्या माणसांत उभे राहायला जागा होती म्हणून त्याला परक्या शहराची भीती राहिली नाही. बोस्टनच्या आयरिश वस्तीतून आलेले जॉन फिट्झजेराल्ड विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहराचे महापौर झाले. १९२८ मध्ये अल् स्मिथ हे कॅथॉलिक उमेदवार अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरले, त्यांच्याविरुद्ध धर्माचा प्रचार उघडपणे झाला. आणि १९६० मध्ये फिट्झजेराल्ड यांचा नातू जॉन केनेडी अध्यक्षपदी निवडून आला. चर्च जाळल्यापासून या निवडणुकीपर्यंत ११६ वर्षे गेली. माणसे मिसळायला वेळ लागतो, आणि तो वेळ काढायला पायाखाली जमीन लागते.

पुण्यात हाच इतिहास लहान आकारात घडला आहे. सिटी चर्च पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘पाद्रोआदो’ व्यवस्थेतले, तिथले धर्मगुरू गोव्याचे. इंग्रजांची छावणी पडल्यावर तिच्यातल्या आयरिश सैनिकांसाठी १८५० मध्ये एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिक चर्च बांधले गेले. तेच आज पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर दोन चर्च. एकावर गोव्याचा अधिकार, दुसऱ्यावर रोमच्या वेगळ्या व्यवस्थेचा. एकात कोकणी-पोर्तुगीज बोलणारे, दुसऱ्यात आयरिश उच्चारांचे इंग्रजी बोलणारे. खडकी आणि देहूरोडच्या लष्करी वस्त्यांत तमिळ कॅथॉलिक कुटुंबे आली. शिकागोच्या गल्ल्यांतले चित्र पुण्यातही उभे राहिले होते, फक्त ते आपण कधी तसे पाहिले नाही. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत केला. शाळा त्याआधीच आल्या होत्या. जेझुइट या कॅथॉलिक धर्मसंघाची सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ ची. सिस्टरांच्या शाळांचा ठसा तर मराठी भाषेवरच उमटला आहे. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे सिस्टरांचे निवासस्थान. पण मराठीत कोणत्याही इंग्रजी शाळेला, मग ती कुणाचीही असो, कॉन्व्हेंट म्हणतात. तालुक्याच्या गावात एखाद्या पतसंस्थेच्या संचालकाने काढलेल्या शाळेच्या पाटीवरही तो शब्द असतो. ज्या समाजाने आपल्या भाषेला असा रोजचा शब्द दिला, त्याच्याबद्दल आपल्याला इतके कमी माहीत असावे, याची खंत वाटते.

माहिती कमी असण्याचे एक कारण आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ख्रिस्ती म्हणून येतात ते रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई. हे सगळे प्रॉटेस्टंट. त्यांचे मराठी वाङ्मयातले स्थान मोठेच आहे. पण कॅथॉलिक परंपराही मराठीत तितकीच मुरलेली आहे आणि वयाने त्याहून फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत, मराठी ओव्या. तुकाराम महाराज तेव्हा लहान होते. अहमदनगर जिल्ह्यात जर्मन आणि स्विस जेझुइट गेले ते १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता इथे त्यांनी काम केले, गावची मराठी आत्मसात केली, आणि १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. पुण्याच्या शनिवार पेठेत, पेशव्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी ‘स्नेहसदन’ उभे केले. हिंदू विचारवंतांशी संवाद व्हावा यासाठी हे घर मुद्दाम पेठेत घेतले होते. आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावर त्यांनी अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. जन्माने जर्मन असलेल्या या माणसाने आपले काम कॅम्पात न मांडता शनिवार पेठेत मांडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

वसईकडे पाहिले म्हणजे माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू दिसते. तिथला कॅथॉलिक समाज पोर्तुगीज काळातला, म्हणजे १५३४ नंतरचा. १७३९ मध्ये राज्य बदलले तरी माणसे तिथेच राहिली, शेती-बागायत करत राहिली, आपल्या मराठी बोलीत बोलत राहिली. १९१८ मध्ये त्यांनी बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक स्थापन केली. न्यूयॉर्कच्या आयरिशांना आपली बचत ठेवायला बँक लागली, तशीच वसईच्या शेतकऱ्याला आणि छोट्या नोकरदारालाही लागली. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर जाणारा खलाशी आपली पेटी तिथे ठेवी, रात्री सगळे मिळून प्रार्थना करत, नवख्याला काम कुठे मिळेल ते तिथेच कळे. गावाची जागा शहरात, इतकी साधी ती कल्पना होती.

पण वसईची खरी शिकवण गेल्या चाळीस वर्षांतली आहे. मुंबई वाढत वसईत शिरली, बांधकामासाठी वाड्या आणि शेते विकत घेतली जाऊ लागली, टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या आणि दहशत पसरली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली लोकांना उभे केले. त्या आंदोलनात सगळ्या धर्मांचे लोक होते, शेतकरी होते, लेखक होते. ते इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्या संख्येने एकत्र येऊ शकले, कारण माणसे जमायच्या जागा आधीपासून होत्या: चर्चचे आवार, शाळा, बँक, ‘सुवार्ता’सारखे मासिक, गावकीच्या सभा. नकाशावर रंगवलेल्या वसाहतीला असा प्रतिकार करता येत नाही, एकमेकांना ओळखणाऱ्या गावालाच तो करता येतो. याच फादर दिब्रिटोंना मराठी साहित्यिकांनी २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्षपद दिले. ते कॅथॉलिक धर्मगुरू होते, मराठी लेखक होते आणि जमिनीसाठी लढलेले गावकरी होते. या तिन्ही गोष्टी त्यांच्यात एकमेकींना आधार देत होत्या.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप उघड आहे: हा धर्म परकी सत्तेच्या बळावर आला, धर्मांतराने वाढला, मग त्याच्या इतिहासाचे कौतुक कशाला? या आक्षेपातला खरा भाग मान्य केलाच पाहिजे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, धर्मन्यायालय चालले. त्यात माणसांचा छळ झाला, देवळे त्याआधीच पाडली गेली होती. हा इतिहास झाकून कुणाचे भले होणार नाही. पण त्यावरून प्रत्येक कॅथॉलिक घराला सत्तेचा हस्तक ठरवणे हे पुराव्याला धरून नाही. पुण्याचे चर्च मराठी सत्तेने दिलेल्या जमिनीवर उभे राहिले, हे वर आलेच. सेंट पॅट्रिकमध्ये प्रार्थनेला येणारे आयरिश सैनिक ज्या ब्रिटिश राज्यासाठी लढत होते, त्या राज्याच्या संसदेत बसण्याचा हक्क कॅथॉलिकांना १८२९ पर्यंत नव्हता. आणि ‘निरोप्या’चे संस्थापक डोरिंग यांचे काय झाले? १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध पेटल्यावर ते जर्मन म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना पुण्यात परतू दिले नाही. १९२१ मध्ये रोमने त्यांना जपानमध्ये हिरोशिमाला धाडले, आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. ज्या बिशपला ब्रिटिश राज्यानेच आपल्या हद्दीबाहेर ठेवले, त्याच्या समाजाला त्या राज्याची शाखा कसे म्हणणार? दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला असे नगरच्या ख्रिस्ती माणसांबद्दल हिणवून बोलले जाते. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, त्यांनी जो माणूस म्हणून जवळ बसवतो त्याच्याकडे जावे, यात त्यांना नव्हे, पाणवठा बंद करणाऱ्यांना दोष लागतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो माझ्या मूळ म्हणण्यावरच घाव घालतो. समाजाला आपली जागा दिली की तो तिथे कोंडून घेतो आणि दुसऱ्याला आत येऊ देत नाही, असा तो आक्षेप. याला पुरावा आहे, आणि तो अमेरिकेतलाच आहे. घरभाड्यातला आणि घरविक्रीतला वर्णभेद संपावा म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांनी ऑगस्ट १९६६ मध्ये शिकागोच्या मार्केट पार्क भागात मोर्चा नेला. तिथे त्यांच्यावर दगडफेक झाली आणि एक दगड त्यांच्या डोक्याला लागला. तो भाग मुख्यतः गोऱ्या कॅथॉलिकांचा होता. ज्यांच्या आज्यांनी परकेपणाचे चटके सोसले, त्यांची नातवंडे दगड हाती घेऊन उभी राहिली. त्याच चळवळीत कॅथॉलिक धर्मगुरू आणि सिस्टर कृष्णवर्णीयांच्या बरोबरीने चालत होते आणि आपल्याच लोकांच्या शिव्या खात होते, हेही खरे. आपल्याकडे चर्चमध्ये जात शिल्लक राहिली. दलित ख्रिस्ती माणसाला त्याच्या समाजात बरोबरीची खुर्ची मिळायला उशीर झाला, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे तो अनुसूचित जातींच्या सवलतींतूनही वगळला गेला. दोन्हीकडून त्याची कोंडी झाली. तेव्हा सामाईक जागा असली की माणूस आपोआप उदार होतो, असा दावा मी करत नाही. मला यातून एवढेच दिसते की जागेला कुंपण किती उंच आहे, तिथे दुसऱ्याला येता येते का, यावर पुढचे सगळे ठरते. नाना पेठेत चर्चच्या आसपास पारशी, बोहरा, मराठा, माळी, दलित सगळ्यांची वस्ती होती. त्या पेठेला फाटक नव्हते.

फाटक हा शब्द आला म्हणजे मुळशीकडे परत यावे लागते. या तालुक्याला जमीन जाणे म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि ५२ गावांवर संकट आले. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे मावळ्यांच्या बाजूने उभे राहिले, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा डोंगरातून घुमली. तीन वर्षांनी लढा मोडला, धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात धरणविरोधी लढ्यांत याचे स्थान जगात पहिले ठरते. पैशात मोजलेली नुकसानभरपाई म्हणजे शेताची आणि घराची किंमत. पण गाव पाण्याखाली जाते तेव्हा देऊळ, पार, पाणवठा, मसणवटा, चावडी, जत्रेची माळरानेही जातात. यांचा मोबदला कुणाच्या खतावणीत नसतो, कारण ही जागा कुणा एकाच्या नावावर नसते. लोक डोंगरावर सरकले, काही पुण्या-मुंबईला गेले. जे गेले ते एका गावचे राहिले नाहीत.

आज हेच उलट्या दिशेने होते आहे. तेव्हा पाणी आले, आता शहर येते आहे. माळरान विकले जाते, गायरानावर डोळा असतो, ओढा बुजतो, आणि त्या जागी जी वसाहत उभी राहते तिच्या आत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, छोटे उद्यान असते. नियमानुसार मोकळी जागा ठेवावी लागते आणि ती ठेवलीही जाते, पण कुंपणाच्या आत. पहारेकरी दुसऱ्या वसाहतीतल्या मुलालाही आत सोडत नाही, मग शेजारच्या वाडीतल्या मुलाची काय कथा. त्या वसाहतीत राहणाऱ्या केरळच्या कुटुंबाला रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात दूरवर जावे लागते, झारखंडच्या बांधकाम मजुराला जवळ कुठे प्रार्थना होते का हेच ठाऊक नसते, वारकरी कुटुंबाला भजनाला बसायला सभागृह मिळत नाही, आणि मूळ गावकऱ्याला आपल्या जुन्या पायवाटेने नदीकडे जाता येत नाही. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणे आहेत. गावकरी आणि नवे रहिवासी एकमेकांकडे संशयाने पाहतात याचे नवल करू नये. त्यांनी एकमेकांना भेटावे कुठे?

यावर म्हटले जाईल की सरकारने धर्माला जागा का द्यावी, आपले राज्य धर्मनिरपेक्ष आहे. चर्चसाठी एक भूखंड, मशिदीसाठी एक, देवळासाठी दहा, अशी मागणी मी करत नाही. तशी वाटणी सुरू झाली की ती बळजोरांच्या हाती जाते. मागणी आहे ती सामाईक जागेची. दर काही हजार लोकवस्तीमागे एक मोठे, साधे, सार्वजनिक सभागृह, वसाहतीच्या कुंपणाबाहेर, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीचे. ठरलेल्या अल्प भाड्यात आज तिथे कीर्तन, उद्या ईदचे जेवण, परवा नाताळची प्रार्थना, तेरवा शेतकऱ्यांची सभा होईल. त्याच्या शेजारी मैदान आणि वाचनालय. आणि ज्या गोष्टीबद्दल बोलायला सगळे टाळतात तिचीही सोय: स्मशानभूमी आणि दफनभूमी. कॅथॉलिक, मुसलमान, लिंगायत आणि दफन करणाऱ्या इतर कित्येक समाजांना मुळशीच्या या नव्या पट्ट्यात मृत्यूनंतर कुठे जायचे हा प्रश्न आहेच. आपल्या माणसाला जिथे मातीत ठेवता येत नाही, ते गाव आपले वाटत नाही. सिटी चर्चच्या आणि वसईच्या समाजाला गाव आपले वाटले यामागे त्यांचे पूर्वज तिथल्या मातीत आहेत, हे मोठे कारण आहे.

जमीन महाग आहे, कुठून आणायची, असेही विचारले जाईल. मुळशीत आजही गायराने आहेत, ग्रामपंचायतींच्या जागा आहेत, आणि मोठ्या प्रकल्पांकडून सुविधांसाठी जागा घेण्याची तरतूद नियमांत आहे. ती जागा कुंपणाबाहेर, रस्त्याला लागून घ्यायची की आतल्या कोपऱ्यात, हा आकडेमोडीचा प्रश्न नाही, इच्छेचा आहे. आणि उशिराची किंमत काय असते, तेही अमेरिकेने दाखवले आहे. माणसे शहराच्या मध्यातून उपनगरांकडे गेली, जुने धर्मग्राम ओस पडले, आणि २००४ मध्ये बोस्टनच्या आर्चबिशपांनी साठांहून अधिक धर्मग्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोकांनी चर्चमध्ये रात्रंदिवस ठाण मांडून त्याला विरोध केला. जागा एकदा विकली गेली की ती पुन्हा मिळत नाही, म्हणून ते जमिनीवर झोपून राहिले. मुळशीच्या मावळ्यांना हे आधीपासून माहीत होते.

मुळशी तालुका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. पुढच्या पन्नास वर्षांचे मुळशी कसे असेल, हे त्याच्या आराखड्यातल्या रंगांवरून ठरणार आहे. हे रंग भरले जात असताना गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून आपल्या हद्दीतल्या सामाईक जागांची यादी लेखी द्यावी: पार, जत्रेचे माळ, गायरान, स्मशान, दफनभूमी. नव्या वसाहतींतल्या रहिवासी संघांनी त्या ठरावांना पाठिंब्याची पत्रे जोडावीत आणि आपल्या सुविधांच्या जागेचे फाटक रस्त्याकडे उघडावे. धर्मप्रांतानेही पुण्यातल्या आपल्या दोनशे वर्षांच्या नोंदवह्या, बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या, मराठी संशोधकांसाठी खुल्या कराव्यात. बाहेरून आलेली माणसे पुण्याची कशी झाली, याची नोंद तिथे नावनिशीवार आहे, आणि मुळशीला आज तिची गरज आहे.